खारू वर्गात बोलत नाही म्हणे

३ सप्टेंबर, बुधवार

बाईंनी आज शाळेच्या फाटकातच थांबवलं. खारू वर्गात एक अवाक्षर काढत नाही म्हणे. शाळा सुरू झाल्यापासून! मला हसूच आलं. घरी हिच्या तोंडाची टकळी बंद होत नाही. जेवताना बोलते, दात घासताना बोलते, संडासाचं दार लावून आतूनही बोलत असते. सासूबाई तर म्हणतात, पोरगी झोपेतसुद्धा भांडते. आणि ही तिकडे मुकी?

कुठेतरी पाणी मुरतंय.

४ सप्टेंबर

खारूला समोर बसवून विचारलं. बाई ओरडतात? मान हलवून नाही. मारतात? नाही. कुणी चिमटे काढतं? नाही. मग काय होतं तरी काय? तर म्हणाली, "आवाज अडकतो." बॅटरी लावून घसा बघितला. स्वच्छ.

चार वर्षांची पोर असं बोलेल? कुणीतरी पढवलंय.

५ सप्टेंबर

अंघोळ घालताना पाठ, दंड, मांड्या नीट बघितल्या. वळ नाही, ओरखडा नाही. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

८ सप्टेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत चष्म्याच्या दुकानातून निसटले. मालकांना सांगितलं, काचा घासायचा दगड बघून येते. गेले शाळेच्या मागच्या कुंपणापाशी. बाकीची मुलं मैदानात धुडगूस घालत होती. खारू भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात. माझी खारू! जी घरात एका जागी बूड टेकवत नाही.

बाई आल्या, तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिल्या. थोड्या वेळानं खारूनंही एक ठेवला. तेवढ्यात बाईंची नजर माझ्यावर पडली आणि त्या हसल्या. मला चोरासारखी कुंपणाला लटकलेली बघून कुणी एवढं गोड हसतं?

११ सप्टेंबर

बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. "हट्ट नाहीये हा. तिला बोलायचंय, भीतीनं जमत नाही," म्हणाल्या. बोल बोल करून मागे लागायचं नाही, चॉकलेटचं आमिष नाही, चारचौघांत "हिला बोलता येत नाही" असं म्हणायचं नाही. बोटानं दाखवलं, मान हलवली, तरी ते बोलणंच समजायचं. आणि शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात तिच्याशी खेळायचं. बाई आधी बाहेर, मग दारात, मग आत.

नवरा लगेच हो म्हणाला. एरवी साधा पडदा निवडायला आठवडा घेतो!

मग बाईंनी विचारलं, घरी पाहुणे आले की खारू काय करते? मी म्हटलं, छान बोलते. (कुठली! माझ्या मागे लपते.) नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात डोकावायचं कारण काय यांना? खारूला दुसऱ्या शाळेत पाठवायची तयारी चाललीय, दुसरं काही नाही.

१२ सप्टेंबर

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझ्यावरच गेलीय." मंगळवारी खारूला पोचवायला त्याच गेल्या होत्या. म्हणजे बाईंशी बोलणं झालंय. घरातलेच फितूर असल्यावर काय बोलायचं!

१७ सप्टेंबर

पहिला दिवस. त्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लागले. प्राण्यांची चित्रं जुळवत बसलो. आधी खारू माझ्या कानात कुजबुजत होती. मग एकदम मोठ्यानं, "आई, गाढवाचा पाय सापडला!" शाळेत! त्या चार भिंतींत! बाहेर बाईंच्या चपला वाजल्या आणि तोंड मिटलं. चपला आल्या तशा परत गेल्या.

एवढं मात्र मानायला हवं. परत गेल्या.

२५ सप्टेंबर

आता बाई वर्गातच बसतात, आमच्याकडे पाठ करून, कागद कापत. पाठ असली म्हणून कान बंद असतात होय? सगळं ऐकतात. मी आवाज खाली आणला. खारूनंही आणला. निघताना बाई म्हणाल्या, "तुम्ही घरी बोलता तसंच बोला ना." बोलायला शिकवणार आता मला!

३० सप्टेंबर

आज पुढचे दात पडलेली एक पोरगी खेळायला आणून बसवली. हिलाच का आणलं? ही काय जाऊन सांगणार बाईंना? तेवढ्यात तिनं खारूच्या चित्राचा तुकडा उचलला आणि खारू कडाडली, "तो माझाय, दे इकडे!" आयुष्यात कुणाचं भांडण एवढं गोड लागलं नव्हतं. बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी घेतला नाही. निवून गेला.

७ ऑक्टोबर

खारूनं दातपडकीच्या कानात सांगून पाणी मागितलं म्हणे, भर वर्गात. बाई खुशीत. आणि लगेच पुढचं, उद्यापासून तुम्ही नका येऊ, आता तिला जमेल. हे असंच होणार होतं! आधी आईला आत घ्यायचं, मग हळूच बाहेर काढायचं.

८ ऑक्टोबर

दुकानात हात ठिकाणावर नव्हता. गिऱ्हाइकाची काच तिरकी घासली गेली. मालकांनी ती उचलून माझ्यासमोर ठेवली. रागावले नाहीत. तरी मला दरदरून घाम फुटला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

खारू आज बाईंशी बोलली. सगळ्या वर्गासमोर, मोठ्यानं. काय म्हणाली ते बाई आधी सांगेनात. मी अडूनच बसले तेव्हा सांगितलं. "माझी आई तुम्हाला घाबरते. तिला रागवू नका."

मी म्हटलं, खरंय तिचं.