उपवास म्हणवलेले दिवस

आई, आज शनिवार, आणि सकाळी मी पोटभर इडली-सांबार खाल्लं. वाढता वाढता बायकोने विचारलं, मारुतीला सांगून आलात ना? खरंच आलो होतो. दिवा लावला, स्तोत्र म्हटलं आणि मग ताटावर बसलो.

तुझे उपवास आठवतात. सोमवार, गुरुवार, एकादशी, आणि मधले कसलेच नसलेले. चुलीपुढे बसून तू आम्हाला गरम भाकरी वाढायचीस, स्वतःचं ताट घ्यायचीच नाहीस. गावात कौतुक व्हायचं, बाई फार देवाची. दुपारी तू भिंतीकडे तोंड करून निजायचीस, दिवस दिवस बोलायची नाहीस. आजी म्हणायची, उपवासाने थकली असेल. मीही तेच मानत मोठा झालो.

इथे चेन्नईला आल्यावर माझंही तसंच झालं. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पाळ्या बदलत्या, भाषा परकी, गाव लांब. जेवण नकोसं होत गेलं आणि मला वाटलं भक्ती वाढली. एकेक वार देवाला देत गेलो. कंपनीच्या बसमधले सोबती मला ‘सामी’ म्हणत, साधू झालास म्हणून पाया पडायचं नाटक करत. मला ते आवडे. मग वर्षाच्या तपासणीत कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं आणि विचारलं, "उपवास नसतो त्या दिवशी तरी भूक लागते का?"

मी आठवून पाहिलं, लागत नव्हती. त्यांनी झोपेचं विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का तेही विचारलं, आणि मी तुझ्याबद्दल सांगत बसलो. त्या म्हणाल्या, हा उदासीचा आजार आहे, वर्षानुवर्षं मुरतो, आणि फार जणांना असतो. तुमच्या बसमध्येही असतील. घराण्यात असला, रात्रपाळ्या असल्या, माणूस आपल्यांपासून तुटला की तो जोर धरतो. बायकांमध्ये जास्तच दिसतो. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू चटणीला पुन्हा चव आली.

पण अलीकडे लेक सोमवार धरू लागली. बायको हरखली. पाठोपाठ गुरुवार आला. कॉलेज संपून पोरगी घरी बसलेली, नोकरी मिळेना, मैत्रिणी पांगलेल्या. मी तिचं ताट बघत राहायचो. पोरीच्या श्रद्धेला बोट कसं लावायचं?

आज खाऊन झाल्यावर गच्चीवर गेलो. ती कपडे वाळत घालत होती. तिला आधी तुझं सगळं सांगितलं, मग माझं. पिळलेला टॉवेल हातात तसाच धरून ती ऐकत होती.

"बाबा," ती म्हणाली, "उपवास म्हटलं की का जेवत नाहीस असं कुणी विचारत नाही."

"मी विचारतोय."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, अम्माला तुम्हीच सांगा, मला नाही जमणार. सांगितलं. बायकोने देवघराकडे पाहिलं आणि लेकीची चप्पल पुढे आणून ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी मागे सुचवलेल्या दवाखान्यात बाक भरलेला होता. इतकी माणसं पाहून वाईट वाटायला हवं होतं, मला धीरच आला. आत डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला? मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "आजीला. मग बाबांना." तिने तुला पाहिलेलंही नाही.

हे तुला पाठवायची काही सोय नाही. पण तुझं नाव असं सरळ घेतलं गेलं तेव्हा मला फार बरं वाटलं, एवढं कबूल करतो.