फुलांना वांगी धरली

अमळनेर,
नागपंचमीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप दाजी,

झुलालचा दोन्ही हात जोडून आणि जरा लांबूनच नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन सुखरूप झालं हे ऐकून बरं वाटलं. डोळ्यांना ताण नको, पत्र मेघा वाचून दाखवेल. (मेघा, आधी वडिलांना पाणी दे.) फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि पत्रावर कितीही ओरडलात तरी इथे ऐकू येत नाही.

विषय तुमच्या चित्राचा. धुळ्याचं घर गळतं, तेव्हा पाण्यापासून वाचावं म्हणून, पॅरिसहून आणलेलं ते शंभर वर्षांपूर्वीचं जांभळ्या फुलांचं चित्र तुम्ही विश्वासाने आमच्याकडे ठेवलंत. (काढणाऱ्या फ्रेंच बाईंचं नाव तुम्ही कितीदा शिकवलंत, अजून जमत नाही.) पण दाजी, आमच्याकडे कानबाई बसते हे तुम्ही जावई असून विसरलात. देवी येण्याआधी घरात असेल नसेल ते सगळं धुवावं लागतं. गोधड्या झाल्या, डबे झाले, पंख्याची पाती झाली, मी दोनदा झालो. मग आईची नजर भिंतीवर गेली.

तिला बोल लावू नका. जावयाची वस्तू म्हणून तिने साबणसुद्धा लावला नाही, शालूसारखं रिठ्याच्या पाण्यात भिजवलं. मी शेतातून आलो तेव्हा बादलीत फार सुंदर जांभळं पाणी होतं आणि दोरीवर एक कोरा कागद वाळत होता. आई म्हणाली, "कितला मळ निंघना रे भाऊ! आते वाळना म्हणजे फुलं दिखतीन."

तुमच्या भीतीने मी तोताराम पेंटरकडे धावलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा त्याचा मोर तुम्ही पाहिला असेल. तालुक्यात तसा मोर नाही (खरं तर जगातच नाही). त्याने विचारलं, फुलं कसली? मला आठवेना. आमची लेक मोनाली म्हणाली, वांग्याच्या फुलांसारखीच होती. तोतारामाला तेवढं पुरे. त्याने ऑइलपेंटने वांग्याची फुलं काढली, आणि माणूस प्रामाणिक, गिऱ्हाइकाला नुसत्या फुलांवर कसं वाटेला लावायचं म्हणून खाली वांगीही काढली. भरताची, हिरवी, चांगली मोठी. बाईंच्या सहीच्या जागी स्वतःचा मोबाइल नंबर घातला. मी ते आईच्या नकळत आणून भिंतीवर लावलं.

आता आई गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवते, "जावईना फोटोमा मळना खाले वांगा व्हतात, माले सापडनात!" दाजी, वडील गेल्यापासून तिला इतकी खूश मी पाहिली नव्हती. खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. रागवा, पण माझ्यावर.

तुमचा (ठेवलात तर) मेव्हणा,
झुलाल

ता.क. रविवारी कानबाईला याल तेव्हा आई तुम्हाला आधी भिंतीपाशीच नेईल. तेवढं एकच मागणं: काळा चष्मा काढू नका, आणि म्हणा, "आई, कसं लख्ख करी टाकं तुम्ही!" मग मागच्या अंगणात येऊन मला काय मारायचं ते मारा.

आणखी ता.क. आत्ताच कळलं, आईने धुळ्याला ज्योतीअक्काला फोन करून रिठ्याचं सांगितलं. तुमच्या सौभाग्यवतींनी तुम्ही स्वतः काढलेली बठ्ठी, एकूण एक चित्रं खाली उतरवली आहेत. खरं सांगून थांबवावं तर घटकाभरात ते आईला कळेल, तेव्हा तुम्हीच काहीतरी कारण काढून थांबवा. मी आडून सुचवून पाहिलं, राहू दे ना अक्का. तर म्हणते, "त्यासना चित्रंसमा आजलगून काहीच दिखनं नही, आते तरी दिखी."