गिझरच्या पाइपाखालचा डाग

सक्करदरा, नागपूर
९ जानेवारी

ती. प्रेमानंददादास,
सिंधूचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर बोललं की शेजारचे महादेवराव कान देऊन ऐकतात, म्हणून पत्र.

मेघा लेकीचं लग्न ठरलं, म्हणून तिच्या साक्षगंधासाठी घराला निळा रंग दिला. आठवडाभरातच बाथरूमच्या गॅस गिझरचा पाइप जिथं बाहेर निघतो, त्याखाली रंगाला फुगे आले, पोपडे सुटले. महादेवरावच काहीतरी फेकतात, माझी खात्री आहे. हटकलं तर गिझरच्या वाफेनं रंग जातो म्हणाले, आणि मी काहून फेकू, असं वर मलाच विचारलं. मग मी पाइपाच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, वर टेप लावला. आता वाफ बंद. तरी डाग वाढला की चोर सापडलाच!

सूनबाईचंही लक्षण ठीक नाही. बाथरूममधून आली की दीप्तीला गरगरतं, मळमळतं. गोड बातमी माझ्यापासून लपवते आहे. तू तरी काही लपवू नकोस, लोभ असू दे.
तुझी सिंधू

पारशिवनी
१३ जानेवारी

चि. सिंधूस,
जयभीम व आशीर्वाद. तुझं पत्र वाचताच तुला फोन लावला. पाइप बंद केला की गिझरचा विषारी वायू आतच कोंडतो. दीप्तीची गरगर त्याचीच. तू फोन उचलेनास, म्हणून महादेवरावांना फोन करून तुझ्या चिंध्यांचं सांगितलं. ऐकताच ते धावले. दीप्ती दवाखान्यात आहे, एवढंच कळलं. तू फोनवर नुसती रडतेस. नीट लिही, आणि खरं लिही.
तुझा दादा

सक्करदरा, नागपूर
१६ जानेवारी

ती. दादास,
सप्रेम जयभीम. दीप्ती काल घरी आली. आता बरी आहे.

त्या दिवशी फोन आत ठेवून मी अंगणात महादेवरावांवर पाळत ठेवून उभी होते. ते कुंपणावरून उडी मारून आले, तेव्हा चोर सापडला म्हणून मी त्यांची बाही घट्ट धरली. आत दीप्ती पडली होती, दादा, आणि मी त्यांना सोडत नव्हते. मला ढकलून त्यांनी दार तोडलं, तिला उचलून बाहेर आणलं. मला माझीच शिसारी येते.

आज ते तिची चौकशी करायला आले. ते जायला निघाले तशी दीप्ती मला हळूच म्हणाली की त्या चिंध्या महादेवरावांनीच कोंबल्या असतील, त्यांच्यावर नजर ठेवा. ते अजून फाटकातच होते. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि फाटक लावून निघून गेले.

पाकीट चिकटवलं की तिला सांगायला जाते. तिचा लोभ राहतो की नाही, ठाऊक नाही. तुझा तरी राहू दे.
सिंधू