दांड्यावरचं थिजलेलं तूप

धरमपुरी, संक्रांतीच्या आधीचा रविवार, १९८३

आज माझी चांगलीच जिरली, आणि तरी हसू आवरत नाहीये.

मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा नर्मदेपलीकडे, आणि सकाळी कन्हैयाच्या नावेची मोटर सुरूच होईना. बटण दाबलं की स्टार्टर नुसता घर्रर्र फिरायचा. त्याचं छोटं दातेरी चाक दांड्यावरून वर सरकून इंजिनच्या मोठ्या चाकाला पकडतच नव्हतं. हाताने ओढायची दोरी कधीचीच तुटलेली. मी देवासच्या कारखान्यातला फिटर, त्यामुळे नावेतली सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मी रुबाबात म्हटलं, "बॅटरी उतरली असेल." बॅटरी ठणठणीत. तारा घासल्या. पुन्हा घर्रर्र.

तेवढ्यात शाल गुंडाळून बसलेली आमची सुमन वाकून म्हणाली, "अहो, त्या दांड्यावर थिजलेल्या तुपासारखं काय आहे?"

ग्रीस! थंडीने घट्ट झालेलं. चाक वर सरकणार कसं?

"किस मूरख ने इतना पोत दिया?" मी कन्हैयावर डाफरलो.

तो लाजत म्हणाला, "भिया, दिवाली पे आपने ही तो लगाया था."

हो की. मीच. मोठ्या कौतुकाने, बोटांनी थापून! रॉकेलच्या फडक्याने सगळं पुसलं, तेलाचे दोनच थेंब सोडले, बटण दाबलं. खट्! मुहूर्त गाठला. कन्हैयाला सॉरी म्हणायचं मात्र राहिलंच.

पंगतीत सुमन तूप वाढत आली आणि माझ्या पानापाशी थांबली.

"तुम्हाला बेतानंच वाढते हं. अडकायला नको."