प्रेस नंबर तीनची जाळी

५ नोव्हें., बुधवार
आज बसने गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. जिच्या मागे बसून जाते ती शोभाची स्कुटी कालपासून कंपनीच्या शेडमध्ये उभी आहे. चावी तिच्या पर्समध्ये, पर्स लॉकरमध्ये, आणि ती मिरजेला दवाखान्यात.

काल दुपारी ३.२०. मी पॅकिंगच्या टेबलावर होते, तिच्यापासून दहा पावलांवर. प्रेस नं. ३ दोनदा आपटला. एकदा पेडल दाबलं की एकदाच यायला पाहिजे तो. मला वाटलं, जॉब, म्हणजे दाबायचा पत्रा, अडकला. मग शोभा म्हणाली, "मंदे, माझा हात बघ गं." ओरडली नाही, नुसतं म्हणाली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

गाडीत मला बसू दिलं नाही. पाचला माल जायचा होता. मग मी परत टेबलावर जाऊन पॅकिंग केलं. लाज वाटते लिहायला, पण केलं.

६ नोव्हें.
सकाळी प्रेस नं. ३ ला जाळी बसलेली, हात आत जाऊ नये म्हणून असते ती. पिवळा रंग, अजून ओला. खालची फरशी फिनेलने धुतलेली. फिटर आण्णा नवे बोल्ट आवळत होते, माझ्याकडे बघेनात.
"आण्णा, आजच बरी आठवण झाली?"
"सांगितलं तवा बसवली बाई. मला काय इचारू नका."
दहा वाजता त्याच प्रेसवर दुसरी बाई बसवली. टार्गेट तेवढंच.
भाकरी खाल्ली नाही. डबा तसाच परत आणला. ह्यांनी तो स्वतः घासून ठेवला.

७ नोव्हें.
एचआरच्या कदम साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. एरवी कधी देत नाहीत.

सेफ्टी कमिटीचं रजिस्टर काढलं. कमिटीत माझं नाव आहे. पुण्याची जी मोठी कंपनी आमचा माल घेते तिचे लोक तपासणीला येतात, त्यांना कमिटीत एक बाई लागते. म्हणून गेटजवळच्या बोर्डावर माझं नाव रंगवलंय. पोरीने त्याचा फोटो काढला होता. मिटिंग मी एकही बघितलेली नाही. दर महिन्याला चहा आणि वडापाव यायचा, सोबत रजिस्टर यायचं, बोट ठेवतील तिथे सही करायची.

ऑक्टोबरचं पान: "प्रेस नं. १ ते ६ गार्ड तपासले. सर्व ठीक." खाली माझी सही. वळणदार. दहावीला अक्षराचं बक्षीस होतं मला.

"मंदाताई, तुम्हीच तपासलंय ना हे?" असं क.सा. हसत म्हणाले.
मी म्हटलं, "व्हय." तोंडातून आपसूक गेलं. दुसरं काय म्हणणार होते? सही माझीच.

८ नोव्हें.
लिहून टाकते. नाहीतर डोकं फुटेल.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. बायका नटून येतात, मालक सहकुटुंब येतात. हळदीकुंकू लावायचा मान दरवर्षी माझा. प्रेस नं. ३ सगळ्यात जुना, मालकांच्या वडिलांनी घेतलेला पहिला, म्हणून मोठा हार त्याला. हार बसेना. पुढे जाळी. मी ताट हातात घेऊन म्हणाले, "आण्णा, ती जाळी काढा की. हळद लावू कुठं?"
आण्णांनी मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "काढा काढा, आजच्या दिवस."

जाळी काढून भिंतीला उभी केली. बाजूला काढली म्हणून तिलाही कुंकू लावलं मी. पाच बोटं ओढली. सगळे हसले.
दसरा झाला, दिवाळी झाली. जाळी भिंतीलाच. जाळी नसली की हात पटकन आत जातो, पटकन बाहेर येतो, जॉब जास्त निघतो. कोण कशाला बोलेल.
मी म्हणाले होते काढा. मी. दुसरं कुणी नाही.

१० नोव्हें.
मिरज. शोभाला बघून आले. हाताला एवढं मोठं बँडेज. माझ्याकडून केस विंचरून घेतले. म्हणाली, "नसलेली बोटं खाजत्यात गं. खाजवू कुठं?" आणि हसायला लागली. मी बाहेर जाऊन रडले.
सांगायला गेले होते. सांगितलं नाही.

१२ नोव्हें.
क.सा. परत. या वेळी टाइप केलेला कागद. "सौ. शोभा यांनी कामाचा वेग वाढवण्यासाठी स्वतः गार्ड काढला होता. कमिटी सदस्य या नात्याने मी त्यांना तोंडी समज दिली होती." खाली माझं नाव, सहीची जागा.

मी विचारलं, असं का लिहायचं? ते समजुतीने सांगत राहिले. कामगाराने मुद्दाम स्वतः गार्ड काढला असेल तर भरपाई कंपनीवर येत नाही, कायदाच तसा आहे. नाहीतर मालकांवर केस, कंपनी बंद, सगळ्यांच्या चुली बंद. शोभा ठेकेदाराच्या हजेरीवर, तिचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डच निघालेलं नाही. म्हणजे इकडून नाही तर तिकडूनही नाही.
"आणि ताई, पूजेच्या दिवशी जाळी काढा असं कोण म्हणालं, ते आम्ही कुठे काढतोय?"
हसतच म्हणाले. सही न करता बाहेर आले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांचा टेम्पो कंपनीच्याच मालावर चालतो. म्हणाले, "आपलं दोघांचं एकाच ताटात हाय, मंदा. बघ बाई, तुला काय करायचं ते." बघ बाई म्हणे. मी काय बघू? भांडले. कारण नसताना पोरीलाही बोलले.

१३ नोव्हें.
कंपनीचा व्हॉट्सॅप ग्रुप बंद केला. त्याआधी क.सा.नी लाइनवर फिरून प्रत्येकीच्या मोबाइलमधून पूजेचे फोटो काढून टाकायला लावले. माझाही बघितला.
पण एक फोटो पोरीकडे आहे. मोरपंखी साडीत मी बरी दिसले होते म्हणून तिने आपल्या मोबाइलमध्ये घेतला होता. आज उघडून बघितला. मी ताट घेऊन. प्रेसला हार. शेजारी मालक हात जोडून. मागे भिंतीला जाळी, तिच्यावर पाच बोटं कुंकवाची.
शोभाने काढली नव्हती हे त्यात दिसतं. कुणी काढायला लावली, तेही दिसणारच.

१५ नोव्हें.
शोभाला दवाखान्यातून घरी सोडलं, भेटायला गेले. कंपनीच्या कुठल्या कागदावर सही केलीस का, विचारलं. तर म्हणते, अंगठा दिला.
अंगठा! ही बाई माझ्याबरोबर पेपर वाचते, बचत गटाची पत्रं लिहिते.
"अगं, तिसऱ्या दिवशी कंपनीतनं आले. सुईची गुंगी हुती. म्हणाले, दवाखान्याचा फारम हाय. सही कुठल्या हातानं करू? डावा अंगठा धरला नि टेकवला."
कागदावर काय होतं ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. माझ्या कागदावर जे आहे तेच असणार.

तिचा एवढा राग आला होता. बसमध्ये बसल्यावर गेला. माझ्या हाताला पाचही बोटं असताना मी दोन वर्षं न वाचता सह्या करतेय. तिला तर गुंगी होती.

१८ नोव्हें.
सरकारी निरीक्षक मॅडम आल्या. साधी साडी, पायात बूट. क.सा. आणि मालक दोन बाजूला. मला बोलावलं, कमिटीची बाई म्हणून.

मॅडमनी जाळीचा पिवळा रंग नखाने खरवडला. खाली लाल.
"हे काय?"
क.सा. म्हणाले, "प्रायमर मॅडम. रेड ऑक्साइड."
मॅडमनी बोटावर घेतलं, वास घेतला. ते माझं कुंकू होतं.

मग मला विचारलं, "ही जाळी कुणी काढली होती?"
मी म्हणाले, "मला म्हाईत न्हाई."
असं म्हणाले मी. शोभाची मैत्रीण. दोन वर्षं तिच्या मागे बसून आले-गेले, पेट्रोलला कधी हात लावू दिला नाही तिने.

मॅडम वहीत लिहीत म्हणाल्या, "कुणी काढली हा माझा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा, की जाळी नसताना मशीन चालू कुणी ठेवलं? ते बघायची जबाबदारी मालकाची. कामगाराने काढली तरी परत बसवून घ्यायची त्याचीच." मालकांचा चेहरा उतरला. जाताना मला हळूच म्हणाल्या, "काही आठवलं तर सांगलीच्या ऑफिसला या. लेखी द्या."
टाइप केलेल्या कागदावर अजून सही केलेली नाही. क.सा.नी सोमवारपर्यंत मुदत दिलीय.

१९ नोव्हें.
काही नाही. ताप. घरीच.
पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न. दिवसभर तेच. मालकांची जबाबदारी असली तरी माझं तोंड उघडलं होतं ना त्या दिवशी? कायद्यात मी कुठे बसते हे कुणाला विचारू? वकिलाकडे जायचं तर काय सांगून जाऊ?
देवापुढे बसले. हळदीचा डबा उघडायचं धाडस झालं नाही.

२१ नोव्हें.
शोभाला सांगितलं. सगळं. तिच्या स्वयंपाकघरात, मी भाकऱ्या थापत होते तेव्हा. तिच्याकडे बघून सांगता आलं नसतं.

ती म्हणाली, "मला ठावं हाय की. म्या तिथंच हुते. तू जाळीला कुंकू लावलंस तवा ताट धरलं हुतं ना तुझं."
"मग बोलली न्हाईस का?"
"काय बोलू? जाळी न्हवती तवा मलाबी बरं वाटायचं. जॉब लय निघायचं. म्हैनाभर त्या जाळीला टेकून माझा डबा ठेवत हुते. म्या तरी बसवा म्हणाले का?"

तवा तापून धूर झाला. भाकरी जळली.

मग तिला पोरीच्या मोबाइलमधला फोटो दाखवला. अंगठ्याच्या कागदात काय असणार तेही सांगितलं. तेव्हा मात्र तिचा चेहरा पांढरा पडला. शिराळ्याची बाई, लहानपणी अंगणात नाग निघाला तर घमेलं घेऊन उभी राहायची. पहिल्यांदा घाबरलेली बघितली. "म्हंजे म्याच माझी बोटं तोडली, असं लिवलंय?" एवढंच परत परत.
मी म्हटलं, असंच लिहिलंय. आणि त्याच्याखाली सोमवारी माझी सही हवीय त्यांना.

२३ नोव्हें.
ह्यांना सांगितलं, उद्या सांगलीला जाते. मॅडमकडे. हे म्हणाले, "टेम्पो दुसरीकडं लागतोय का बघतो." रागाने म्हणाले की कसं, कळलं नाही. विचारलं नाही.
कशावर उभी राहणार आहे मी, देव जाणे. कमिटीच्या रजिस्टरवर सही माझी, फोटोत हात माझा, निरीक्षक मॅडमसमोर खोटं बोललेलं तोंड माझं. मॅडम आधी मलाच धरतील. धरू देत, असं एकदा वाटतं. लगेच पोरीची बारावी आठवते.

२४ नोव्हें., सोमवार
सकाळपासून तीन वेळा कागद फाडला. चौथा हा. पोरीच्या वहीचा, रेघांचा. इथे उतरवून ठेवते.

"खंडेनवमीच्या पूजेला प्रेस नं. ३ ची जाळी काढा असं मी म्हणाले. मालक समोर होते, ते काढा म्हणाले. फिटरने काढली. शोभाने काढली नाही. त्यानंतर महिनाभर जाळी भिंतीला उभी होती आणि मालकांपासून माझ्यापर्यंत सगळे रोज तिच्यासमोरून गेले. फोटो जोडला आहे. कमिटीच्या रजिस्टरवर सह्या माझ्या आहेत, त्या मी न वाचता केल्या."

सही केलेली नाही अजून.
कदम साहेबांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. शोभा रिक्षाने येऊन खाली थांबली आहे. पदराखाली हात. म्हणते, सही मॅडमच्या समोर कर. आधी मोठ्यानं वाच, मला ऐकू दे, मग कर.
आयुष्यात पहिल्यांदा वाचून सही करणार. करणार म्हणजे, तिथे पोचल्यावर हात चालतो का बघायचं.