मशीन वाटणीपाशी अडलं

शिवाजी नगर, भोपाळ

वन्संना उषावहिनीचा नमस्कार, आणि तुमच्या उज्जैनच्या उन्हाला लांबूनच रामराम. गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल. मी सांगतेय आणि नात क्षितिजा लिहितेय. अक्षर आवडलं तर तिचं, मजकूर खटकला तर तोही तिचाच.

झालं असं, की आपल्या प्रतीकने जवाहर चौकातलं कॉम्प्युटरचं दुकान चार दिवस आमच्या मधल्या खोलीत आणलंय (तिथला एसी बिघडला, आणि आजीचा कूलर फुकट). कुठल्याशा लॅबसाठी सर्व्हर तयार करायचे होते. पूर्वी म्हणे एकेका मशीनपुढे बसून त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत. आता हा सगळी उत्तरं आधीच एका फाईलीत लिहून ठेवतो, बटण दाबतो आणि आंघोळीला जातो. मशीन स्वतःच विचारतं, स्वतःच उत्तर शोधतं, स्वतःच मान डोलावून पुढे जातं. (तुमच्या सासूबाईंची आठवण झाली.) त्यात एक पायरी डिस्कच्या वाटणीची. आधी डिस्कवरचं सगळं पुसायचं, मग वाटे पाडायचे, हा सिस्टिमचा, हा कामाच्या फायलींचा. आपल्याकडे वाटणीत भाऊ भावाचं तोंड बघेनासा होतो. इथे कुणी चकार शब्द काढत नाही.

भर दुपार, पडदे ओढलेले, खोलीत मी एकटी कैरी किसत बसलेली. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आपली आपण वर सरकत होती. मला ‘अ’सुद्धा ओळखू येत नाही, तरी सारखं वाटत होतं, कुणीतरी भराभर वाचतंय आणि मला मात्र ऐकू येत नाहीये. बाकीची मशीनं वाटणी आटपून पुढे गेली. कोपऱ्यातलं एक थांबलं. पंखा घुरघुरला आणि गप्प झाला, अगदी हे जेवणानंतर घोरता घोरता थबकायचे तसा.

प्रतीक टॉवेल गुंडाळूनच आला. मशीन विचारत होतं, इथे जुनी वाटणी आहे, मोडू का? एवढ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं राहिलं, म्हणाला. फाईलीत ‘हो’ लिहिलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. “आजी, जवाब सामने रखा है, फिर भी पूछे जा रहा है!” शेवटी वैतागून स्वतःच्या हाताने ‘हो’ दाबायला निघाला, तेव्हा मी सहज विचारलं, ही डिस्क कुठली रे? तर म्हणे नवीन एक कमी पडली, म्हणून आजोबांच्या कपाटातली लावली, रिकामीच होती.

वन्सं, कैरी राहिली बाजूला. मी अशी ओरडले की शेजारी जिन्यात आले. तुम्हाला ठाऊक नाही, आजारपणात ह्यांनी आलेलं प्रत्येक पत्र मोठ्याने वाचून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं होतं. माझ्यामागे तुला कुणाची मनधरणी करावी लागायला नको, म्हणायचे. ठेवलं कुठे ते सांगायचं राहिलं आणि गेले. तेव्हापासून मी शोधतेय. प्रतीकने कुरकुरत डिस्क उघडली, एक फाईल लावली. आणि त्या बंद खोलीत ह्यांचा आवाज आला: “शालूचं पत्र आलंय. झोपू नकोस.” म्हणजे तुमचंच, वन्सं.

प्रतीक टॉवेलसकट खाली बसला.

सगळे आवाज दुसरीकडे उतरवून घेतले. आता तरी सुटेल? छे! मशीन तिथेच. मग मला नर्मदेच्या घाटावरचा ह्यांचा दहावा आठवला, पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा हात तुम्हीच जोडले होतेत. मी मशीनपुढे हात जोडले. म्हटलं, सगळी पत्रं ऐकीन, मध्ये डोळा लागू देणार नाही, आता सोडा. प्रतीक हसला. हसत हसतच बटण दाबलं, आणि मशीन काही न विचारता पुढे गेलं. त्याने काहीएक बदललं नव्हतं. तेव्हापासून तो हसलेला नाही, आणि लॅबला पाठवताना त्या मशीनला मागच्या बाजूने, कुणाला दिसणार नाही असं, कुंकू लावलं.

बाकी क्षेम. लोणचं घातलंय.

तुमची,
उषावहिनी

ता. क. शब्द दिल्याप्रमाणे सगळी पत्रं ऐकली. सगळी ओळखीची, शेवटचं सोडून. तेही तुमचंच, वाचणारे हेच. त्यात तुम्ही लिहिलंय, प्रतीकचं मशीन सुटलं हे वाचून बरं वाटलं, आणि कुंकवाचं वाचून हसू आलं. प्रतीक म्हणतो कुठलंतरी जुनं पत्र असेल, आजी. मग खाली मान घालून म्हणतो, पुन्हा लावू नकोस. शेवटी तुम्ही लिहिलंय, “वहिनी, जाते मी.” एवढं वाचून हे कागदाची घडी घालतात, तो आवाज येतो, मग फाईल संपते. तेव्हा विनंती एकच: या पत्राला उत्तर लिहू नका. जे सांगायचं ते इथे येऊन तोंडाने सांगा.

ता. ता. क. क्षितिजा म्हणते, म्हाताऱ्या माणसाला असं घाबरवू नये. मी म्हटलं, लिही गं, घाबरल्याशिवाय त्या उज्जैन सोडायच्या नाहीत. सकाळच्या गाडीत बसा. आणि वन्सं, दाराला कुलूप लावताना, घरात कुणी नसलं तरी, ‘येते’ म्हणून निघा.