माझ्या भिंतीवरची ती बाई

३ मार्च, सकाळी ६.४०
खिडकीखालच्या भिंतीवर कोणीतरी चित्र काढून ठेवलंय. तळमजला माझा, म्हणजे भिंतही माझीच. काल रात्री दहापर्यंत पांढरी होती.
एक सिंह, मान खाली घालून बसलेला. पुढे एक बाई, बोट उगारून. पोपटासारखं नाक, काखेत पर्स, दोरीला लटकणारा चष्मा. इतकी कजाग बाई ज्यांच्या घरात असेल त्यांची दया येते. सही नाही, कोपऱ्यात नुसती उलटी छत्री.
नीट बघायला चष्मा चढवला, तर दोरी पर्सच्या बकलात अडकली.

३ मार्च, ११ वाजता
वॉर्ड ऑफिसला तक्रार, रजिस्टर्ड. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलंय: पान एक, मुद्दे तीन, शेवटी मुदत. एक, हे विद्रूपीकरण आहे. दोन, १८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत पुसावं. तीन, चित्रातली बाई वरच्या मजल्यावरची चष्मेवाली आहे (नवऱ्याचं चष्म्याचं दुकान), तिलाही समज द्यावी.
एकतीस वर्षं टपाल खात्यात काढली आहेत. माझ्या पत्राला उत्तर येतंच.

५ मार्च
ती बाई कोण ते सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं. दूधवाला म्हणाला, "ताई, मला तर वाटलं..." आणि किटलीचं झाकण लावायला लागला. बोल म्हटलं, तर म्हणे, "काही नाही, सिंह छान आलाय."
चष्मेवाली खाली आली. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत भिंतीकडे. मनात चोर असला की असंच होतं.

९ मार्च
भाची आली. आर्ट कॉलेजला आहे, म्हणून कोणत्याही भिंतीपुढे थांबते. या भिंतीपुढे मटकन खालीच बसली. उलटी छत्री म्हणजे फार मोठा कलाकार म्हणे, आजवर कोणी चेहरा पाहिलेला नाही. बँकेच्या शटरवरचा झोपलेला पोलीस त्याचाच. सिग्नलचा हिरवा दिवा चरणारी शेळी त्याची. तुरुंगाच्या भिंतीवरची शिडीही. तिच्यावर एक कैदी खरोखर चढायला गेला. आता गल्लोगल्ली जो तो त्याचीच नक्कल करतो.
"मावशी, तू अमर झालीस गं."
माझा काय संबंध, म्हटलं. तिने मला आरशापुढे नेलं. "बोट वर कर." मी रागाने केलं.
साम्य आहे. नाकाच्या बाबतीत कलाकाराने स्वातंत्र्य घेतलंय. बाई करारी आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.
उद्या तक्रार मागे घेणे.

११ मार्च
आठपासून फोटोवाले. पर्स घेऊन खिडकीत बसले. जाळीमुळे नीट दिसत नसेन. तक्रार उद्या.

१३ मार्च
चष्मेवाली भिंतीपुढे बोट उगारून फोटो काढून घेत होती. चष्म्याला दोरीसुद्धा. म्हटलं, ती मी आहे. तर म्हणते, "अहो, तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत ना, ती मी म्हणून? तेव्हा मी ऐकून घेतलं. आता तुम्ही घ्या."
वॉर्ड ऑफिसला जायचं होतं. पण मी हलले की ही भिंतीपाशी. पहारा सोडून जायचं कसं?

१६ मार्च
लोक सही मागतील. बारा वेळा करून पाहिली, आठवी बरी आली. तक्रार मागे घेण्याचं पत्र अर्धं झालंय. मुद्दा तीनपाशी अडलं. चूक कबूल न करता ती दुरुस्त कशी करायची, हे सिस्टरांनी शिकवलं नाही.

१८ मार्च, ४.५०
दोन माणसं आली, बादल्या आणि ब्रश घेऊन. छत्रीने टचअपला पाठवली असणार. एकाने कागद पुढे केला. "मॅडम, इथे सही." आठवीसारखी केली. वर लिहिलं, 'शुभेच्छांसह'. "नाकाचं तेवढं बघा," म्हटलं. "सगळंच बघतो," म्हणाला.
चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर भिंत पांढरी. सिंहसुद्धा नाही. हातात कागदाची कॉपी दिली: 'काम समाधानकारक. तक्रारदाराची सही.'
सरकारी काम मुदतीच्या आत झालेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. चहा दोघांनी घेतला.

१९ मार्च, सकाळी ६.४०
चष्म्याच्या दुकानात मोठा फ्रेम केलेला फोटो लागलाय: भिंत, सिंह, चष्मेवाली. माझा एकही नाही. मी पहाऱ्यावर होते.
नवी तक्रार. पान एक, मुद्दे तीन. एक, मी मनातून मागे घेतलेल्या तक्रारीवर कारवाई कोणी केली? दोन, चित्र होतं तसं परत काढावं, सिंहासकट. नाकही होतं तसंच चालेल. तीन, आधीच्या पत्रातला मुद्दा तीन रद्द समजावा. ती बाई मी आहे, अशी दप्तरी नोंद करावी. खात्री पटवायची असल्यास मी समक्ष येईन, पर्स आणि बोटासह.
लेखी उत्तर २ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत.